जुन्नर-आंबेगांव तालुक्यांतील ध्वनिमुद्रिका व त्यांचें जतन

१. प्रस्ताव

जुन्नर व आंबेगांव हे तालुके प्राचीन लेखांच्या अभ्यासकांस नवे नाहींत. नाणेघाटांतील नागनिकेचा लेख आणि लेण्याद्रि, मानमोडी, शिवनेरी येथील लेण्यांतले दानलेख सुमारें दोन हजार वर्षें ऊन, वारा व सह्याद्रीचा पाऊस सोसून आजहि वाचतां येतात. पुढील काळीं जुन्नरच्या कागदी लोकांनीं केलेला जुन्नरी कागद दूरवर वापरला गेला. त्यावरील शाई दोन-अडीचशें वर्षांनंतरहि स्वच्छ दिसते. शिलेवरील अक्षर व कागदावरील अक्षर अशीं दोन साधनें या प्रांतानें इतिहासास दिलीं. याच प्रांतांत घरोघरीं पडून असलेलें तिसरें एक साधन आहे. तें वरील दोहोंपेक्षां वयानें फारच लहान असून त्यांच्या आधीं नष्ट होण्याच्या मार्गास लागलें आहे. तें साधन म्हणजे ध्वनिमुद्रिका, म्हणजेच ग्रामोफोनची तबकडी.

हिंदुस्थानांत तबकडीवर आवाज मुद्रित करण्याचें काम १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास सुरू झालें. ग्रामोफोन कंपनीनें त्यासाठीं फ्रेड गैसबर्ग या तज्ज्ञास पाठविलें होतें, व गौहरजान हिचें गाणें त्या वेळीं मुद्रित झालें. प्रारंभीं मुद्रणाचे सांचे जर्मनींतील हॅनोव्हर येथें जात व तेथून तयार तबकड्या परत येत. १९०८ मध्यें कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाल्यावर हा माल स्वस्त व विपुल झाला. मुंबई-पुण्यास गिरणींत, गोदींत अथवा नोकरींत असलेला मनुष्य सुटीवर गांवीं येतांना चावीचा फोनो व पांचदहा तबकड्या घेऊन येई. पुढें यात्रा, लग्नें व बारशीं यांत कर्णा लावून रेकॉर्डी वाजविणारांचा धंदा निघाला. नारायणगांव ही तर तमाशाची पेठच. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या लागतात व गांवोगांवचे पंच येऊन यात्रेची सुपारी देतात. भाऊ-बापूंचा फड व विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर (१९३५–२००२) यांचें नांव ज्या भूमींत गाजलें, तेथें लावणी, पोवाडा, नाट्यपद व भजन यांच्या तबकड्यांस गिऱ्हाईक असावें यांत नवल नाहीं.

अशा वस्तूचें मोल काय, असा प्रश्न इतिहाससंशोधकास पडूं नये. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज कसा होता, याविषयीं आपणांजवळ आठवणी पुष्कळ आहेत, आवाज नाहीं. ते १९०१ मध्यें वारले आणि मुद्रणाचें यंत्र दुसऱ्या वर्षीं आलें. एका वर्षाच्या अंतरानें एक थोर गळा कायमचा हरपला. उलट बालगंधर्वांचा (१८८८–१९६७) गळा आपणांस ऐकावयास मिळतो तो तबकड्यांमुळें. जी तबकडी आज एखाद्या माळ्यावर वांकून निकामी होत आहे, तिच्या बाबतींत आपण १९०१ साल पुन्हां आपल्या हातानें आणीत आहों.

हें लिहिण्यास निमित्त असें कीं, पोथ्या व दफ्तरें जमविणाऱ्या आमच्या मित्रांस अलीकडे रुमालांबरोबर तबकड्यांच्या पेट्याहि मिळूं लागल्या आहेत. ते त्या श्रद्धेनें ठेवून घेतात, व पोथी जशी राखावी तशा राखतात. अडचण तेथेंच आहे. पोथी राखण्याचे कांहीं नियम तबकडीस जसेच्या तसे लागू पडतात. कांहीं मात्र तिला मारक होतात. कोणते कोणत्या वर्गांतले, याचा विचार येथें करावयाचा आहे.

२. द्रव्यविचार

जतनाचे नियम द्रव्यावरून ठरतात, म्हणून आधीं द्रव्याची ओळख केली पाहिजे. ‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द ज्यानें बनविला त्याच्या योजकतेचें कौतुक वाटतें. मुद्रिका म्हणजे ठसा उमटविणारी वा उमटलेली मोहर. जुन्या खलित्यांच्या थैल्यांवर लाखेची मोहर असे, हें वाचकांस ठाऊक आहेच. आणि जुनी तबकडी हीहि लाखेचीच असते. संस्कृतांत जिला लाक्षा वा जतु म्हणतात, पांडवांस जाळण्यासाठीं जिचें घर बांधल्याची कथा आहे, तीच ही लाख. पळस, बोर, कुसुंब यांच्या डहाळ्यांवर राहणारे सूक्ष्म किडे ती निर्माण करतात. मोहरेसाठीं जो गुण हवा, म्हणजे तापल्यावर मऊ होऊन सूक्ष्म ठसा घ्यावा व निवल्यावर कठीण होऊन तो धरून ठेवावा, तोच तबकडीस हवा. तथापि तबकडींत लाखेचा अंश साधारण चौथ्या हिश्श्याच्या आसपासच असतो. उरलेला भाग दगडाची बारीक पूड, कापसाचे तंतु व काजळी यांचा. मिनिटास सुमारें ७८ फेरे घेणारी, जड व पडतांच फुटणारी ती ही लाखेची तबकडी. आपल्या देशांत ती १९७० च्या सुमारापर्यंत निघत होती.

दुसरा प्रकार विनाइलचा. १९४८ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३ व एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घवादन तबकडी काढली, व पुढील वर्षीं ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी निघाली. हें द्रव्य रासायनिक असून लवचिक आहे. तें पडून सहसा फुटत नाहीं, पण वांकतें. सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास तें स्पष्टपणें मऊ पडतें, आणि एका बाजूनें सतत भार असेल तर त्याहून पुष्कळ कमी उष्णतेंतहि हळूहळू आकार सोडतें.

तिसरा प्रकार विरळा, परंतु संशोधकास सर्वांत मोलाचा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सेल्युलोज नायट्रेटचा काळा लेप देऊन त्यावर थेट आवाज कोरीत. अशी तबकडी छापलेली नसून एकमेव असते. ती हस्तलिखित, बाकीच्या मुद्रित. मधल्या भोंकाच्या कडेस धातूची चकाकी दिसली, किंवा मधल्या भोंकाशेजारीं आणखी छिद्रें असलीं, तर ती या जातीची समजावी. लेपांतील एरंडेलाचा अंश कालांतरानें बाहेर येऊन पृष्ठावर पांढरट चिकट थर धरतो, लेप आकसतो व पत्र्यावरून पोपडे सुटतात. अशी वस्तु हातीं आल्यास ती पुसूं नये, वाजवूं नये. जाणत्या तंत्रज्ञाकडून सर्वांत आधीं तिची प्रत करून घ्यावी.

३. तबकडी कां वांकते

वांकण्याचीं कारणें तीन: उष्णता, विषम भार आणि काल. तिन्ही एकत्र आलीं म्हणजे नुकसान अटळ. यांपैकीं काल आपल्या हातीं नाहीं. पहिलीं दोन आहेत.

आपल्या खेड्यांतील घर घ्या. नको असलेली वस्तु माळ्यावर जाते, आणि माळ्यावर पूर्वींचें कौल जाऊन आतां बहुधा पत्रा आलेला असतो. चैत्र-वैशाखांत दुपारीं त्या पत्र्याखालीं उभें राहवत नाहीं. तेथील पेटींत तबकड्या तिरप्या टेकलेल्या असतात. दिवसा तापणें व रात्रीं निवणें असें प्रत्येक उन्हाळ्यांत साठ दिवस चाललें, कीं तबकडीची कड खालीं झुकते व पुढें तशीच राहते. तबकडी काळी असल्यामुळें उन्हाची तिरीप पडली तरी ती भोंवतालच्या हवेपेक्षां अधिक तापते. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत विसरलेली विनाइलची तबकडी एका दुपारींच लाटेसारखी होते.

वांकण्याचे आकार दोन. सर्व तबकडी कढईसारखी खोलगट होणें हा एक, आणि कडेस एक-दोन ठिकाणीं लाट उठणें हा दुसरा. पहिल्याचें मूळ बहुधा उष्णता व आडव्या राशीचा भार. दुसऱ्याचें मूळ तिरपें टेकणें, घट्ट आंवळणें किंवा कडेस उष्णतेचा झोत लागणें. वांकलेल्या तबकडीवर सुई वर-खालीं हेलकावते. त्यामुळें स्वर थरथरतो, सुई कडे सोडून उडते व जेथें उडते तेथें खांच पाडते. वांक म्हणजे केवळ कुरूपता नव्हे. त्या योगें पाठहि भ्रष्ट होतो.

४. पोथी निजते, तबकडी उभी राहते

पोथीसंग्राहकांनीं लक्षांत ठेवावयाचा मुख्य भेद हा. पोथी दोन फळ्यांमध्यें आडवी निजवावी, एकीवर एक ठेवावी. तिला त्यानें अपाय होत नाहीं. तबकड्यांची अशी रास करूं नये. दहा इंची लाखेची एक तबकडी सुमारें २०० ग्रॅम भरते. पन्नासांची रास केली कीं तळच्या तबकडीवर १० किलोंचें ओझें पडतें. त्यांत मधें एखादी बारा इंची व तिच्यावर दहा इंची आली, म्हणजे मोठीची कड निराधार राहते व खालीं लवते. शिवाय दोन पृष्ठांमध्यें अडकलेली धूळ त्या भाराखालीं कड्यांत रुतते.

म्हणून तबकडी ग्रंथालयांतील पुस्तकाप्रमाणें उभी ठेवावी, आणि ती अगदीं सरळ उभी असावी. जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखक पोथीच्या तोंडून एक विनंती करवितो, कीं मला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून राखा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. यांतील सैल बांधणीचा दोष तबकडीस पोथीपेक्षांहि अधिक बाधतो. कप्पा अर्धा रिकामा असेल तर तबकड्या एकीवर एक कलतात, व कलणें हाच विषम भार. यास्तव कप्प्यांत दर १० ते १५ सेंटीमीटरांवर तबकडीच्या पूर्ण उंचीची पक्की उभी फळी घालावी. दोन फळ्यांमधील जागा अशी भरावी कीं तबकड्या ताठ उभ्या राहतील, पण एक काढतांना शेजारची ओढली जाणार नाहीं. कप्पा पूर्ण भरत नसेल तर उरलेल्या जागेंत त्याच उंचीचे जाड पुठ्ठे उभे करावे. दहा इंची व बारा इंची तबकड्यांचे कप्पे निराळे असावे.

भाराचा हिशेब सुताराकडे जाण्यापूर्वींच करावा. भरलेल्या कप्प्याचें वजन दर मीटर लांबीस ५० किलोंच्या घरांत जातें. पुस्तकांची पातळ फळी तेवढ्यानें मध्यें झोळते, आणि फळी झोळली कीं वरच्या तबकड्या कलल्याच. फळी जाड असावी, तिला मध्यें टेकू असावा, व खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर असावा.

जागा कोणती निवडावी? परदेशांतील मोठीं ग्रंथालयें १८ ते २१ अंश उष्णतामान व ४० ते ५० टक्के आर्द्रता राखतात. ओतूरच्या किंवा मंचरच्या गृहस्थास तें साधणार नाहीं, व त्यावांचून अडतहि नाहीं. उष्णतामान मंद असावें यापेक्षां तें एकसारखें असावें हें अधिक महत्त्वाचें. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींमधलें माजघर यास उत्तम. तेथें ऊन शिरत नाहीं व दिवसरात्रींचें अंतर थोडें असतें. माळा, पत्र्याची पडवी, पश्चिमेची भिंत, चुलीची वा देवघरांतील अखंड दिव्याची शेजारची जागा, आणि ज्याच्यावर दिवसभर टीव्हीचें अथवा ध्वनिवर्धकाचें यंत्र तापतें तें कपाट, हीं वर्ज्य समजावीं.

५. पाणी व दमट हवा

या दोन तालुक्यांत एकच नियम सांगून भागत नाहीं. पश्चिमेस भीमाशंकर, आहुपें, नाणेघाट, माळशेज या पट्ट्यांत चार महिने ढग घरांत शिरतात; पूर्वेस आळें-बेल्हें व मंचरच्या पुढें पाऊस तुटपुंजा व उन्हाळा कडक. पूर्वेकडच्या संग्राहकाचा शत्रु ऊन, पश्चिमेकडच्याचा बुरशी.

लाखेवर बुरशी स्वतः फारशी माजत नाहीं, परंतु तबकडींतले तंतु, तिच्यावरील बोटांचा मळ आणि कागदी वेष्टनाची खळ हें तिचें खाद्य होतें. वेष्टनाच्या पाठीं कसर व वाळवी येतात. म्हणून पावसाळ्यांत तबकड्या बंद लोखंडी कपाटांत कोंडूं नयेत. आंतली ओल बाहेर जाण्यास वाट नसते. आपल्याकडील शेतकरी कांदा चाळींत ठेवतो तेव्हां खालून वारा खेळेल अशी तजवीज करतो. तेंच तत्त्व येथें पाळावें: कप्प्याची पाठ भिंतीपासून चार बोटें सुटी ठेवावी, व पाठीच्या फळीस वाऱ्यासाठीं छिद्रें असावीं.

येथें पोथीच्या दुसऱ्या एका प्रघातापासून सावध राहिलें पाहिजे. पावसाळा संपतांच आश्विनांत पोथ्यांस ऊन दाखविण्याची आपली रीत आहे, व ती चांगली आहे. तबकडीस मात्र ऊन कधींहि दाखवूं नये. उघडीप झाल्यावर कोरड्या दिवशीं सावलींत, वाहत्या वाऱ्यांत कप्पे उघडे ठेवावे, तेवढें पुरे.

तसेंच औषधांचें. वेखंडाची पूड पोथ्यांत चालते, पण तबकडीच्या कड्यांत पूड म्हणजे धूळच. कडुनिंबाचा पाला ओल घेऊन येतो. डांबराच्या गोळ्यांची वाफ विनाइलसारख्या द्रव्यांत शोषली जाऊन तें मऊ पाडूं शकते, म्हणून त्या जवळहि ठेवूं नयेत. किड्यांवर खरा उपाय म्हणजे दर महिन्यास कप्पे झाडणें आणि जुन्या पुठ्ठ्यांचे ढीग शेजारीं न ठेवणें.

६. वेष्टन

पोथीस खारव्याचें कापड शोभतें. तबकडी कापडांत बांधूं नये. कापड ओल धरतें, त्याचे तंतु कड्यांत अडकतात, आणि गांठ मारली कीं कडेवर एका जागीं ताण येतो. जुन्नरी कागदाचा आम्हांस अभिमान आहे. तरीहि हातकागद तबकडीच्या पृष्ठास लागूं देऊं नये, कारण त्याचा खडबडीतपणा पृष्ठ घासतो. पृष्ठास लागणारें वेष्टन गुळगुळीत, आम्लरहित कागदाचें असावें. विनाइलसाठीं पॉलिएथिलीनची मऊ पिशवी उत्तम. पी. व्ही. सी. च्या जाड पारदर्शक पिशव्या दिसावयास सुंदर असतात, परंतु त्यांतून पाझरणारा अंश तबकडीवर डाग धरतो. विकत घेतलेल्या तबकडीवर आवळून बसविलेलें पातळ प्लॅस्टिक असेल तर तें काढून टाकावें. तें पुढेंहि आकसत राहतें व तबकडीस धनुष्यासारखी ओढतें.

मूळचें कागदी वेष्टन जीर्ण व आम्लयुक्त असलें तरी फेकूं नये. त्यावर कंपनीची जाहिरात व पुष्कळदां दुकानदाराचा शिक्का असतो. कोणता माल कोणत्या पेठेंत विकला गेला, याचा तो पुरावा आहे. तें सपाट करून निराळ्या लिफाफ्यांत, तबकडीचाच अनुक्रमांक घालून ठेवावें.

७. तेल, हात व सुई

तबकडी दोन्ही तळहातांच्या मध्यें कडेनें धरावी. बोट फार तर मधल्या चिठ्ठीस लागावें. हाताचें तेल धूळ धरून ठेवतें.

स्वच्छतेविषयीं एक नियम ठळकपणें सांगितला पाहिजे. लाखेच्या तबकडीस स्पिरिट लावूं नये. सुतार चपडा लाख स्पिरिटांत विरघळवूनच पॉलिश करतो, हें आपण नेहमीं पाहतों. मग तेंच स्पिरिट तबकडीवर चोळल्यास काय होईल हें सांगणें नको. विनाइलसाठीं बाजारांत मिळणारीं कांहीं द्रवें स्पिरिटयुक्त असतात, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचल्यावांचून तीं लाखेस लावूं नयेत. लाख व विनाइल या दोहोंस चालणारा उपाय असा: आधीं मऊ कुंचल्यानें कोरडी धूळ काढावी, मग ऊर्ध्वपातित पाण्यांत सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ, तंतुरहित फडकें भिजवावें व घट्ट पिळावें, कड्यांच्या दिशेनें, म्हणजे वर्तुळाकार, हलक्या हातानें पुसावें, चिठ्ठी ओली होऊं देऊं नये, शेवटीं नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याचें फडकें फिरवून सावलींत उभी करून पूर्ण सुकवावी. सुकल्यावांचून वेष्टनांत घालूं नये. लाखेची तबकडी पाण्यांत बुडवून ठेवूं नये. तिच्यांतले तंतु पाणी शोषून फुगतात. बुरशी असेल तर हें काम घराबाहेर, नाकातोंडास फडकें बांधून करावें.

वाजविण्याचा मोह आवरणें हेंहि जतनच. चावीच्या जुन्या फोनोची पोलादी सुई जड असते, व ती प्रत्येक बाजूस नवी लावावी असा त्या काळचा नियमच होता. दीर्घवादन तबकडी अशा यंत्रावर एकदां लावली तरी तिचे कडे उद्ध्वस्त होतात. लाखेच्या तबकडीस सुमारें ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोंकाची सुई लागते व विनाइलच्या सूक्ष्म कड्यांस सुमारें २५ मायक्रॉनची. एकीची सुई दुसरीस लावणें म्हणजे बोरूनें बारीक टांकाचें काम करणें.

८. वांकलेल्या व फुटलेल्या तबकडीचें काय करावें

दोन कांचांमध्यें दाबून उन्हांत ठेवावी, इस्त्री फिरवावी, गरम पाण्यांत धरावी, असे उपाय सुचविणारे पुष्कळ भेटतात. तबकडी क्वचित् सपाट होतेहि. परंतु जी उष्णता सबंध तबकडी मऊ करते ती कड्यांच्या सूक्ष्म भिंतींसहि मऊ करते. बाहेरून आकार सुधारला व आंतील आवाज पुसला गेला, असा तो व्यवहार होतो. ताम्रपट सरळ करण्यासाठीं कोणी त्यावर हातोडा मारीत नाहीं. आमचें मत असें कीं, संग्राहकानें असा प्रयोग दुर्मिळ तबकडीवर करूंच नये. पुष्कळ वांकलेल्या तबकड्या अनुभवी तंत्रज्ञास कमी वेगानें फिरवून वाचतां येतात व संगणकावर मूळ वेग परत आणतां येतो. तेवढें होईपर्यंत ती उभी, नीट आधारानें, थंड जागीं ठेवावी, म्हणजे वांक निदान वाढत नाहीं.

लाखेची तबकडी फुटली तरी तुकडे टाकूं नयेत व डिंकानें जोडूं नयेत. शिलालेखाचे तुकडे आपण जसे जपतों, तसे ते प्रत्येकीं निराळ्या कागदांत, एकमेकांस न घासतील असे, आडवे ठेवावे. उभें ठेवण्याच्या नियमास हाच अपवाद. तडकलेली तबकडी दोन पुठ्ठ्यांच्या आधारांत ठेवावी.

९. एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल कीं, जुनीं गाणीं आतां सर्व संगणकावर मिळतात. मग हा खटाटोप कशास? आमचें उत्तर पाठचिकित्सकाचें आहे. मुद्रित आवृत्ति मिळते म्हणून कोणी मूळ पोथी नदींत सोडीत नाहीं. एकच पद एकाच गायकानें दोनदां मुद्रित केलेलें असतें व दोन्ही पाठ भिन्न असतात. प्रारंभींच्या तबकड्यांचा वेग नेहमीं बरोबर ७८ नसे. प्रत करणारानें वेग चुकविला कीं गायकाचा मूळ स्वर बदलतो, आणि तो पडताळण्यास मूळ तबकडीच लागते. आरंभीच्या काळीं गायक पदाच्या अंतीं आपलें नांव उच्चारीत, कारण दूर हॅनोव्हरच्या कारागिरांस सांचे ओळखावयाचे असत. ही तर पोथीची पुष्पिका, शाहिराची नाममुद्रा; नव्या प्रतींत ती अनेकदां कापलेली आढळते. आणि मुख्य गोष्ट ही, कीं जें लोकप्रिय होतें त्याच्या प्रती झाल्या. आडगांवच्या भजनी मंडळाचें वा अल्पख्यात शाहिराचें जें एखादें मुद्रण झालें असेल, त्याची प्रत कोणी केली आहे असें धरून चालतां येत नाहीं.

तबकड्यांचा नाश पूर्वींहि झाला आहे. दुसऱ्या महायुद्धांत लाख दुर्मिळ झाली तेव्हां अमेरिकेंत १९४२ पासून नव्या तबकडीसाठीं जुनी परत द्यावी लागे व ती दळून पुन्हां वापरीत. तें युद्धाच्या गरजेनें झालें. आमच्याकडे तें भंगाराच्या गाडीवर, किलोच्या भावानें होतें. मूळ आंबेगांव डिंभे धरणाच्या जलाशयांत गेलें. तालुक्यास त्याचें नांव उरलें व कचेरी घोडेगांवीं राहिली. अशा स्थलांतरांत किंवा नुसत्या वाटणींत देव व भांडीं आधीं हलतात. काळ्या तबकड्यांची पेटी शेवटीं निघते, आणि पुष्कळदां निघतहि नाहीं.

१०. नोंद कशी करावी

राजवाडे (१८६३–१९२६) गांवोगांव हिंडून दफ्तरें मिळवीत, तेव्हां त्यांनीं कागदांबरोबर कागद कोणाच्या घरचा हेंहि नोंदून ठेविलें. म्हणून त्या कागदांस साक्षीचें मोल आलें. तबकडीस तोच न्याय लावावा. प्रत्येक तबकडीसाठीं एक टिपण करावें व त्यांत पुढील गोष्टी असाव्या: व्यास व वेग, कंपनीचें नांव, चिठ्ठीवरील क्रमांक, चिठ्ठीभोंवतालच्या मोकळ्या कड्यांत कोरलेला सांच्याचा क्रमांक, जो तिरप्या उजेडांत वाचतां येतो, गायक, वादक व पदाचे आरंभींचे शब्द, दोन्ही बाजूंचे, तबकडी एकाच बाजूस मुद्रित असल्यास तसा उल्लेख, कारण ती बहुधा अगदीं आरंभींची असते, वेष्टनावरील दुकानाचा शिक्का, वांक, तडा वा बुरशी असल्यास तिचें वर्णन, आणि ती कोणत्या गांवाहून, कशी आली. अनुक्रमांक तबकडीवर किंवा तिच्या चिठ्ठीवर शाईनें लिहूं नये, डिंकानें चिकटवूं नये. तो नव्या वेष्टनावर शिसपेन्सिलीनें लिहावा, व तोहि तबकडी आंत घालण्यापूर्वीं.

मुंबईस १९९० मध्यें जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली, आणि गुरगांव येथें लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह उभा राहिला आहे. अशा ठिकाणांच्या अनुभवाचा लाभ आपण घ्यावा. परंतु माळ्यावरची पेटी खालीं माजघरांत आणण्यासाठीं कोणत्याहि संस्थेची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

जुन्नर, ओतूर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव व त्यांच्या आसपासच्या गांवांतील वाचकांस आमची विनंती आहे कीं, आपल्या व आपल्या शेजारच्या घरांत तबकड्या असल्यास, त्या विकत मागण्यापूर्वीं किंवा वाजवून पाहण्यापूर्वीं, प्रथम त्या माळ्यावरून उतरवून सरळ उभ्या कराव्या. हें काम फाल्गुन संपण्याच्या आंत व्हावें, कारण चैत्रांत पत्रा तापूं लागतो. त्यानंतर वरील रीतीनें याद्या करून मंडळाकडे पाठवाव्या; जेवढ्या येतील तेवढ्या येथें क्रमशः छापण्याची व्यवस्था करतां येईल. धातूच्या पत्र्यावरील कोरीव तबकडी आढळल्यास तिची वार्ता यादीची वाट न पाहतां कळवावी.